मेल खोडले, तरी जागा का सुटत नाही?

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. जीमेल भरल्यामुळे गिऱ्हाइकांचे मेल परत जातात. शेकडो मेल खोडले, फरक शून्य. शिवाय 16 एमबीचं ड्रॉइंग एका कंपनीकडून परत आलं. त्यांची मर्यादा तर 20 एमबी आहे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : खोडलेला मेल आधी ‘ट्रॅश’मध्ये जातो आणि 30 दिवस तिथेच जागा अडवून बसतो. ट्रॅश रिकामा करा. स्क्रीनवर हे ठळक सांगायला हवं होतं, पण तेवढी तसदी कोणी घेत नाही. फुकटचे 15 जीबी मेल, ड्राइव्ह (फाइली ऑनलाइन ठेवायची गूगलची जागा) आणि गूगल फोटो यांचे मिळून असतात. म्हणजे मोबाइलवरचे लग्नाचे व्हिडिओ आपोआप चढत असतील, तर खरा चोर तिथे आहे. आधी तेच तपासा.

मेलमधले लठ्ठ शोधायचे तर कॉम्प्युटरवर शोधपट्टीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा, ‘साइझ’मध्ये 10 एमबीपेक्षा जास्त असं भरा. शंभर साध्या चिठ्ठ्या खोडण्यापेक्षा असे दहा मेल खोडलेले बरे. खोडण्याआधी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, पेनड्राइव्हवर दुसरी प्रत ठेवा.

ड्रॉइंगचं म्हणाल, तर मेलमधून जाताना फाइल अक्षरांत बदलते. 3 बाइटची 4 अक्षरं होतात, आणि प्रत्येक अक्षर एक बाइट जागा घेतं; म्हणून फाइल फुगते. 16 एमबीचे झाले साधारण 22. त्या कंपनीसाठी 14 एमबीच्या आत राहा, नाहीतर ड्राइव्हची लिंक पाठवा. लिंक पाठवताना फाइल उघडायची परवानगी द्यायला मात्र विसरू नका.