मोबाईलातला ट्रेनर आणि तुमची कंबर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मी फिजिओथेरपिस्ट, जळगावात क्लिनिक आहे. पूर्वी पेशंट यायचा तो "शेजारच्या आप्पांनी सांगितलं" म्हणत यायचा, मग "यूट्यूबवर बघितलं" सुरू झालं आणि आता खुर्चीत बसायच्या आधीच मोबाईल पुढे येतो, "मॅडम चॅटजीपीटीनं प्लॅन दिलाय, बघा ना जरा". गंमत म्हणजे हल्ली जिमचे ट्रेनरही तेच घेऊन येतात. तेच तेच प्रश्न येतायत म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देऊन टाकते. नावं काढलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न (भुसावळ): सहा वर्षं पर्सनल ट्रेनर आहे. यंदा तीन क्लायंट अ‍ॅपवर गेले, म्हणतात तुझ्या एका महिन्याच्या फीमध्ये वर्षभराचं सबस्क्रिप्शन येतं. आमचं काम संपणार का?

तुम्ही काय विकत होतात त्यावर आहे. सेट किती, रेप्स किती, सोमवारी छाती मंगळवारी पाठ, सकाळी ओट्स रात्री पनीर, हा कागद विकत असाल तर हो, ते काम गेलं, कारण तो कागद आता फुकटात आणि अर्ध्या मिनिटात मिळतो, आणि खरं सांगू का, बऱ्याच जिममध्ये मिळतो त्यापेक्षा चांगला असतो. पण आपल्याकडे तालमीत वस्ताद काय करायचे आठवा. पोरगं आत आलं की आधी त्याची चाल बघायचे, काल काय खाल्लं विचारायचे, ताप येऊन गेलाय का बघायचे, मग जोर किती मारायचे ते सांगायचे. कागद नव्हताच तिथे.

माझं म्हणणं, एआय वापरा. चार्टचा कच्चा मसुदा, आठवड्याची नोंद, क्लायंटला आठवणीचा मेसेज, हे त्याला करू द्या आणि वाचलेला वेळ माणसाकडे बघण्यात घाला. नवीन क्लायंट आला की पहिल्या दिवशी वजनाला हात लावायच्या आधी पार-क्यू फॉर्म भरून घ्या, सातच प्रश्न असतात सुरुवातीला: हृदयाचा त्रास किंवा बीपी, छातीत दुखणं, चक्कर, चालू गोळ्या, हाडासांध्याचं दुखणं वगैरे. एकाला जरी "हो" आलं तर आधी डॉक्टर, मग जिम. किती ट्रेनर हा फॉर्म भरून घेतात? मी विचारते तेव्हा बहुतेक वेळा समोरचा हसतो.

प्रश्न (धुळे): फोनचा कॅमेरा स्क्वॅट बघून चूक सांगतो. भरवसा ठेवायचा का?

रेप्स मोजायला ठेवा. हे अ‍ॅप शरीरावर ठरावीक बिंदू धरतात, गूगलच्या एका मॉडेलमध्ये ३३ आहेत, आणि त्यावरून कोन काढतात. कॅमेरा एकच असतो, त्यामुळे गुडघा किती पुढे गेला ते अंदाजानं ठरतं, अंगात ढगळ पायजमा आणि खोलीत मिणमिणता बल्ब असेल तर तो अंदाजही गेला. कोन दिसतो, दुखणं दिसत नाही. गुडघा आधीच दुखत असेल तर एकदा प्रत्यक्ष दाखवून मगच सुरू करा.

प्रश्न (जळगाव, वय ३४): रोज मेहरूण तलावाला तासभर चालते, घड्याळ ४८० कॅलरी जळाल्या दाखवतं. एआय अ‍ॅपमध्ये जेवणही टाकते. हिशोबानं वजन उतरायला हवं, उतरत नाही. काय चुकतंय?

हिशोबच चुकतोय ताई. २०१७ साली स्टॅनफर्डच्या लोकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली होती. नाडी बहुतेकांनी ठीक दाखवली, कॅलरीत मात्र सगळ्यात बरं यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. त्यानंतर घड्याळं सुधारली असतील, तरी त्या ४८० वर जेवण बेतू नका.

दुसरी बाजू ताटाची. अ‍ॅपला "वांग्याचं भरीत" म्हटलं की ते भाजलेलं वांगं आणि चमचाभर तेल धरतं. आपलं भरीत कसं असतं ते तुम्हाला माहितीय, तेल सुटेपर्यंत मिरची-लसणाची फोडणी, वर शेंगदाणे, कांद्याची पात, आणि शेजारी कळण्याची भाकरी, पुरी असली तर विचारूच नका. शेवभाजीचं तर बोलायलाच नको, अर्धी वाटी तर्रीच असते. फोटो काढून कॅलरी सांगणाऱ्या अ‍ॅपला तर्रीखाली काय आहे ते कसं दिसणार? दोन आठवडे घरात तेल किती संपतं ते मोजा, त्यातून जास्त कळेल. आणि थकवा, पाळी अनियमित, केस गळणं यातलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवून थायरॉईड तपासून घ्या.

प्रश्न (शहादा): मुलगा १६ वर्षांचा, एआयनं त्याला व्हे प्रोटीन दोन स्कूप आणि क्रिएटिन लिहून दिलंय. देऊ का?

नाही. त्यानं वय २१ टाकलं असणार, विचारा त्याला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमवायला प्रोटीन पावडर टाळा असं स्पष्ट लिहिलंय. साध्या तब्येतीच्या मोठ्या माणसाला दिवसाला किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, वाढत्या वयात आणि व्यायामाला थोडं वर. डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, हरभरे यात ते बसतं. आणि प्लॅनच्या खालीच "आता खरेदी करा" असं बटण असेल तर तो प्लॅन कोणासाठी बनलाय ते ओळखा की. मुलगा फारच बारीक वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न (चोपडा, वय २०): पोलीस भरतीची तयारी करतेय, ८०० मीटर. एआयच्या प्लॅननं दर आठवड्याला पळणं वाढवलं. आता नडगीच्या आतल्या बाजूला एका जागी दुखतं, बोट ठेवलं की कळ येते. बर्फ लावून पळू का?

पळू नकोस. पूर्ण नडगीभर दुखणं वेगळं आणि बोटानं दाखवता येईल अशा एका जागी हाडावर दुखणं वेगळं, दुसऱ्यात हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती सुरुवातीला साध्या एक्सरेत दिसतही नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखव, ह्याच आठवड्यात. आणि एक सांग, पाळी वेळेवर येते का? हे तुला प्लॅननं विचारलं नसेल, मैदानावरच्या सरांनीही नसेल विचारलं, ते लाजतात. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की पाळी चुकते आणि हाडं कमकुवत होतात. चुकत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, लपवू नकोस. डांबरी रस्ता सोड, बूट बदल, पण हे सगळं दाखवून आल्यावर.

प्रश्न (चाळीसगाव, वय ४३, कापडाचं दुकान): दोन महिन्यांपासून कंबर दुखते. एमआरआय काढला, डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली) आलं. जिमच्या ट्रेनरनं रिपोर्ट एआयमध्ये टाकून १२ आठवड्यांचा प्लॅन काढून दिला. पाच आठवडे झाले, दुखणं थोडं कमी आहे पण डाव्या पायात मुंग्या येतात आणि हल्ली चालताना चप्पल पायातून निसटते. प्लॅन पूर्ण करून मग दाखवू की आधीच दाखवू?

भाऊ, उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी ऑर्थो किंवा न्यूरोसर्जनकडे जा. प्लॅन आजपासून बंद.

आता कारण सांगते, जरा लांबेल, पण ह्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले. चप्पल निसटते हे तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. मला विचाराल तर तुमच्या पूर्ण पत्रात तेवढंच वाक्य महत्त्वाचं आहे. पंजा वर उचलणाऱ्या स्नायूला जाणारी नस दबत असेल तर चप्पल निसटते. भिंतीला हात लावून टाचांवर चार पावलं चालून बघा, डावा पंजा खाली पडतोय का. पडत असेल तर ताकद जातेय. दुखणं कमी झालं म्हणून खूश होऊ नका, नस जास्त दबली की कधी कधी दुखणं कमी होतं आणि ताकद जाते, आणि लोक समजतात बरं वाटायला लागलं.

रिपोर्टचं म्हणाल तर, काहीही न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तरी चाळिशीत निम्म्या लोकांत बल्ज दिसतो. म्हणून रिपोर्टच्या शेवटी "क्लिनिकली कोरिलेट करा" असं छापलेलं असतं, म्हणजे माणूस तपासून बघा आणि मग जुळवा. ती ओळ कोणीच वाचत नाही, ना पेशंट ना ट्रेनर. तुमच्या ट्रेनरनं कागद मशीनला दिला, मशीननं कागदावर उपाय दिला, पायाकडे कोणी बघितलंच नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी स्वतः एक करून बघितलं. एआयला आधी फक्त लिहिलं की ४३ वर्षं, कंबरदुखी, बल्ज, व्यायाम सांग. छान यादी आली, प्लँक, ब्रिज, बर्ड-डॉग, चुकीचं काही नव्हतं त्यात. मग तेच परत लिहून एक वाक्य जोडलं की चप्पल निसटते. लगेच म्हणालं डॉक्टरांकडे जा, उशीर करू नका. म्हणजे ते मठ्ठ नाहीये, तुम्ही सांगितलं तेवढ्यावर त्यानं बरोबर उत्तर दिलं. पण चप्पल सांगण्यासारखी गोष्ट आहे हे तुम्हाला कुठून माहीत असणार? ते विचारायचं काम ट्रेनरचं होतं. मला त्या पोराचा राग नाही, राग ह्याचा आहे की पूर्वी ज्या ट्रेनरला बल्ज म्हणजे काय कळायचं नाही तो घाबरून तरी पेशंट माझ्याकडे पाठवायचा, आता त्याला छापील भाषेत उत्तर मिळतं, म्हणून तो पाठवत नाही.

पाचोऱ्याकडचे एक शेतकरी दादा माझ्याकडे आले ते चार महिन्यांनी. आधी "नस चढलीय" म्हणून गावात चोळून घेतलं, मग पुतण्यानं मोबाईलवरून व्यायाम काढून दिले. घरचे म्हणायचे दवाखान्यात चला तर यांचं एकच, "माले काही व्हत नही". ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, पंजा पूर्ण नाही उचलला गेला, आजही प्लास्टिकची पट्टी घालून बांधावरून चालतात. नसेला वेळ महत्त्वाचा असतो.

आणि हे सगळ्यांसाठी: कंबरदुखीसोबत लघवी अडकणं किंवा नकळत होणं, संडासवरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा, किंवा दोन्ही पायांतली ताकद जाणं, यातलं एक जरी झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीत जायचं. कोणाला विचारत बसायचं नाही, मलाही नाही.

प्रश्न (रावेर, वय ५८, केळीची शेती): बीपीची गोळी चालू आहे. मुलानं घड्याळ दिलं, त्यातला एआय कोच म्हणतो नाडी १३० पर्यंत न्या. कितीही चाललो तरी ११० च्या वर जात नाही. जोर वाढवू का?

नका वाढवू नाना. घड्याळ २२० मधून वय वजा करतं, तुमचे १६२ येतात, त्याचे टक्के काढून १३० सांगतं. हे सूत्र मुळातच ढोबळ, दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज. त्यात मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा गोळ्या नाडी फार वाढू देत नाहीत, तेच त्यांचं काम. तुमची गोळी त्यातली आहे का ते डॉक्टरांना विचारा, आणि नाडी वाढावी म्हणून गोळी बंद करायचा उद्योग करू नका, असा एक महाभाग मी बघितलाय. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, एवढा जोर पुरे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा सकाळी सातच्या आत चालून घरी. छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, घाम फुटणं झालं तर चालणं थांबवून थेट दवाखाना.

प्रश्न (पारोळा): एआयला विचारून मीठ पूर्ण बंद केलं, चालेल ना?

नाही चालणार. २०२५ मध्ये अमेरिकेतली एक केस डॉक्टरांनी छापली, साठीतल्या माणसानं चॅटजीपीटीला विचारून मिठाऐवजी सोडियम ब्रोमाईड तीन महिने खाल्लं आणि भास व्हायला लागून भरती झाला. मीठ कमी किती करायचं ते तुमच्या फिजिशियनला विचारा, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आजच विचारा.

प्रश्न (अमळनेर): जिममध्ये "एआय बॉडी स्कॅन" ९९९ रुपयांत आहे. माझं वय ३६, मशीननं शरीराचं वय ५१ सांगितलं, लगेच सहा महिन्यांचं पॅकेज घ्या म्हणाले.

जुनंच मशीन आहे हो, अंगातून बारीक करंट सोडून चरबीचा अंदाज काढतं, वर नवीन स्टिकर लावलाय. पाणी पिऊन आणि न पिता वेगळा आकडा येतो. पोटाचा घेर टेपनं मोजा, शुगर आणि बीपी तपासा.

प्रश्न (नंदुरबार): मालक म्हणतात एकट्यानं ६० क्लायंट सांभाळ, प्लॅन एआय बनवेल, तू फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. कोणाला दुखापत झाली तर जबाबदार कोण?

तुमच्या नावानं गेला तर लोक तुम्हालाच धरतील. अ‍ॅपवाल्यानं अटींमध्ये "हा वैद्यकीय सल्ला नाही" लिहून अंग काढून घेतलेलं असतं. न वाचता एकही प्लॅन पुढे ढकलू नका, आणि क्लायंटचे उघड्या अंगाचे फोटो किंवा रिपोर्ट त्याला न विचारता अ‍ॅपमध्ये टाकू नका, २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक माहितीचा कायदा झालाय. बाकी कायद्याचं वकिलाला विचारा. ६० जणांची चाल एकटा माणूस बघू शकत नाही हे मात्र मी सांगते, मालकांना माझं नाव सांगून सांगा.

प्रश्न (बऱ्याच जणांचा): प्लॅनचा स्क्रीनशॉट पाठवतो, बघून हो-नाही सांगाल का?

नाही. जवळच्या कुठल्याही फिजिओकडे जा. जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि ज्या बुटात चालता-पळता ते बूट घेऊन जा, धुऊ नका, तळ कुठे झिजलाय ते बघायचं असतं.