नवरा विचारतोय, हा व्हायरस आला कुठून?

पत्र: ताई, वय 36, सिंहगड रोडला राहते. दीड वर्षापूर्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं, आईने किडनी दिली. नंतर सीएमव्ही या व्हायरसचा संसर्ग झाला तेव्हा नवरा रात्र रात्र हॉस्पिटलात बसला होता. आता एचपीव्हीची (गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणारा व्हायरस) टेस्ट पॉझिटिव्ह आलीये, त्याने नेटवर वाचलं की हा संबंधातून येतो, तेव्हापासून धड बोलत नाही. सासूबाई म्हणतात ट्रान्सप्लांटच्या गोळ्यांनीच हे झालं, कमी कर, आणि रोज गुळवेलीचा काढा देतात. डॉक्टरांनी कोल्पोस्कोपी सांगितलीये, दोन महिने झाले, गेलेच नाही. पुढे बाळाचा विचार करता येईल का?

अगं, दोन महिने?? नवऱ्याचं नंतर बघू, आधी ती अपॉइंटमेंट घे. बाकी बायकांमध्ये एचपीव्हीवरून कॅन्सर व्हायला साधारण 15-20 वर्षं लागतात, पण तुझ्यासारखी इम्युनिटी दबलेली असली की तेच 5-10 वर्षांत होऊ शकतं. लगेच घाबरायचं कारण नाही पण टाळत बसण्याएवढा वेळही नाही. कोल्पोस्कोपी म्हणजे ऑपरेशन नाही, भिंगातून गर्भाशयाचं तोंड बघतात, शंका आली तर छोटासा तुकडा तपासायला घेतात, आणि त्या स्टेजला काही सापडलं तर ते कॅन्सर होण्याआधीच काढता येतं.

आता नवरोबा. हो, हा व्हायरस बहुतेक संबंधातूनच येतो, ते खोटं नाही. पण कधी आला हे कुठलीच टेस्ट सांगत नाही. आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना तो होतो, बाई असो की बाप्या, आणि पुरुषाला बहुधा पत्ताही लागत नाही, त्यांच्यासाठी अशी नेहमीची टेस्टच नाहीये. बऱ्याचदा शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला दाबून टाकतं, मग तो तसाच गुपचूप पडून राहू शकतो आणि टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट या इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, पहारा ढिला पडला की परत वर येतो. लग्नाच्या वेळचा असेल, त्याच्याकडूनच आला असेल, कोण सांगणार? सीएमव्हीचं पण असंच, आपल्याकडे बहुतेकांच्या अंगात तो लहानपणापासून असतो, नाहीतर दिलेल्या किडनीसोबत येतो, तेव्हा कोणी विचारलं का कुठून आणलास म्हणून? हा खालचा निघाला म्हणून लगेच तुझं चारित्र्य तपासायला घेतलं. मला खरंच राग आलाय. पण जो माणूस रात्र रात्र जागला तो बहुतेक घाबरलाय, म्हणून तू एकटीने समजावत बसू नकोस, गायनॅककडे त्याला सोबत ने आणि "हा माझ्याकडून तिला आलेला असू शकतो का" हे त्यालाच विचारू दे.

गोळ्या मात्र एकही कमी करायची नाही, अर्धीसुद्धा नाही. कमी करायच्याच असतील तर तो निर्णय नेफ्रॉलॉजिस्टचा, म्हणजे किडनीच्या डॉक्टरचा, तो रक्तातली औषधाची लेव्हल बघून करतो. आणि तो काढा आजपासून बंद. इम्युनिटी वाढवणारं काहीही तुला नको, कारण तीच इम्युनिटी आईच्या किडनीला परकी समजून तिच्यावर तुटून पडते आणि मग रिजेक्शन. सासूबाईंना तोंडावर नाही म्हणता येत नसेल तर डॉक्टरांचं नाव पुढे कर, पुण्यात ते चालतं.

लसीचंही विचार. एचपीव्हीची लस लाइव्ह नसते, म्हणजे तिच्यात जिवंत व्हायरस नसतो, त्यामुळे ट्रान्सप्लांटनंतर चालते, सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस तर 2023 पासून आपल्या पुण्याचीच आहे. असलेला व्हायरस ती घालवत नाही, न झालेल्या प्रकारांपासून वाचवते, आणि तुझ्या वयाला घ्यायची का, कुठली, ते डॉक्टर ठरवतील. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी मात्र साधारण दरवर्षी, लस घेतली तरी. कॉन्डोम वापरा, पूर्ण नाही पण बराच फरक पडतो.

आणि बाळ. ट्रान्सप्लांटनंतर कितीतरी जणींना झालंय, पण आधी कोल्पोस्कोपीचा निकाल येऊ दे. मायकोफेनोलेट पोटातल्या बाळासाठी धोक्याचं असतं, दिवस राहायच्या निदान 6 आठवडे आधी ते बदलून बहुधा अझाथायोप्रिन देतात, किडनी त्यावर नीट चालतेय का बघतात आणि मगच हो म्हणतात. तोपर्यंत गर्भनिरोधक अजिबात चुकवायचं नाही. चुकून पाळी लांबली तर घरात चर्चा करत बसू नकोस, त्याच दिवशी नेफ्रॉलॉजिस्टला फोन कर, आणि तेव्हाही स्वतःच्या मनाने गोळी थांबवायची नाही.