टाकीमागचा कोपरा

प्रश्न : मी घरूनच काम करते. लॅपटॉप मिटला तरी डोक्यातलं काम थांबत नाही. बाहेरगावी जायला सवड नाही. काय करू?

उत्तर : ताई, लांब जायलाच हवं असं नाही. माझी जागा म्हणजे गच्चीवर पाण्याच्या टाकीमागचा कोपरा. फोन खालीच ठेवते. तिथे भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप उगवलंय. वारा जेमतेम असला तरी पानं थरथरतात, तेवढंच बघत बसते. मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी हेच मांडलं : सतत लक्ष एकवटून मन थकतं, पानं, ढग, पाणी असं अलगद लक्ष वेधणारं काही पाहिलं की विसावतं. पण तिथे कामाचा कागद नेऊ नका, हे कळकळीने सांगते. मी एकदा नेला. नंतर कितीतरी दिवस तिथे बसलं की तोच आठवायचा.