± च्या पुढचं आधी वाच

पोरी,

तुझा मेल दोनदा वाचला. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला. ‘मॅडम, ज्या बातमीमुळे मी फिजिक्स घेतलं ती बातमीच खोटी निघाली,’ असं तू लिहितेस. त्यात आता गाईडनी चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या प्रोबच्या कॅलिब्रेशनचं काम पुढे केलंय आणि तुला ते कारकुनी वाटतंय. जेआरएफ (पीएचडीची फेलोशिप) सोडून डेटा सायन्सच्या नोकरीला लागू का, असा तुझा प्रश्न आहे. नोकरीचं तुझं तू ठरव. पगार चांगला मिळतो आणि त्यात कमीपणा काही नाही. पण जायचं तर खरं कारण घेऊन जा. ‘बातमी खोटी निघाली’ हे कारण मी चालवून घेणार नाही.

बातमी होती ७ एप्रिल २०२१ ची. शिकागोजवळच्या फर्मीलॅबने म्यूऑनच्या जी-मायनस-टू प्रयोगाचा पहिला निकाल जाहीर केला. तू तेव्हा बारावीत, घरात अडकलेली. निसर्गातल्या आजवर अनोळखी अशा पाचव्या बलाचे मथळे तू फोनवर वाचलेस आणि पुढच्या वर्षी एफवायला आल्याबरोबर मला तेच ऐकवलंस. मी तेव्हाही विचारलं होतं, ± किती, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो? तू हसलीस. मुली हसतातच, माझ्या पाठीमागे मला ‘प्लस-मायनस मॅडम’ म्हणतात हे मला माहीत आहे.

आता हसू नकोस, वही घे. म्यूऑन इलेक्ट्रॉनसारखाच, पण सुमारे २०७ पट जड, आणि स्थिर असला तर सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत संपणारा. चुंबकीय क्षेत्रात सोडला की त्याच्या स्पिनची दिशा फिरत राहते. ती किती वेगाने फिरते ते ‘जी’ या आकड्यावर ठरतं. डिरॅकच्या समीकरणाप्रमाणे हा जी बरोबर २ यायला हवा, पण तो किंचित जास्त येतो, कारण निर्वातात क्षणभर उमटून जाणारे सगळे कण त्यात आपापली भर घालतात. आपल्याला माहीत असलेले घालतात, तसेच माहीत नसलेलेही घालणार. म्हणून मोजलेला आणि गणिताने काढलेला आकडा जुळले नाहीत, तर कुणीतरी अनोळखी आत आहे असा संशय घ्यायला जागा राहते.

जी २ पेक्षा जितका जास्त येतो त्याचा अर्धा घ्यायचा; दशांशचिन्ह आणि सुरुवातीची शून्यं बाजूला ठेव. २०२१ मध्ये ब्रुकहेवन (हाच प्रयोग आधी करणारी अमेरिकेतलीच प्रयोगशाळा) आणि फर्मीलॅब मिळून मोजलेला आकडा होता ११६५९२०६१ ± ४१. सिद्धांतवाल्यांनी २०२० मध्ये एकमताने दिलेला ११६५९१८१० ± ४३. फरक २५१. दोन्ही ± चे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: ५९. भागाकार ४.२. हाच तो ‘४.२ सिग्मा’, ज्यावर जगभर मथळे झाले. शोध म्हणायला ५ लागतात, एवढं तर तुलाही माहीत होतं.

पण त्याच दिवशी, त्याच ७ एप्रिलला, ‘नेचर’मध्ये आणखी एक पेपर आला होता. बीएमडब्ल्यू नावाच्या गटाचा. (गाड्यांशी संबंध नाही, बुडापेस्ट, मार्से आणि वुपरटालची आद्याक्षरं आहेत.) क्वार्क आणि ग्लुऑन (प्रोटॉनच्या आतले कण) यांची भर मोजणं हा या गणितातला सर्वांत अवघड भाग. २०२० च्या आकड्यात ती इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या जुन्या मोजमापांवरून काढली होती. या गटाने ती लॅटिसवर, म्हणजे अवकाश-काळाची जाळी करून महासंगणकावर, थेट काढली. त्यांचं उत्तर प्रयोगाच्या बरंच जवळ आलं. म्हणजे ज्या दिवशी मथळे झाले त्याच दिवशी त्या ± ४३ वर प्रश्नचिन्ह छापून आलं होतं. मथळ्यात ते मावलं नाही, इतकंच. मग २०२३ मध्ये रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या सीएमडी-३ या प्रयोगाने तीच टकरींची मोजमापं केली, आणि ती आधीच्या मोजमापांशी जुळेनात.

शेवटी २०२५. फर्मीलॅबचा अंतिम निकाल ३ जूनला आला आणि जगभरची सरासरी झाली ११६५९२०७१.५ ± १४.५. सिद्धांतवाल्यांनी त्या वर्षी लॅटिसवर विसंबून नवा आकडा दिला, ११६५९२०३३ ± ६२. कर वजाबाकी. फरक ३८ च्या आसपास, ± ६३ च्या घरात. भूत गेलं.

आता मला सांग, यात खोटं कोण बोललं?

ब्रुकहेवनचा २००६ चा आकडा होता ११६५९२०८० ± ६३. त्याचे शेवटचे चार अंक २०८० चे मग २०६१ झाले, मग २०७१. प्रयोगाचा आकडा वीस वर्षांत दिलेल्या ± च्या बाहेर एकदाही गेला नाही, फक्त ± आक्रसत गेला. सिद्धांताचा आकडा पाच वर्षांत २२३ ने सरकला, स्वतःच लिहून दिलेल्या ४३ च्या पाचपट. सिद्धांतवाल्यांना मी हसत नाही. तो हिशोब किती जीवघेणा आहे ते मला कळतं. उलट मला आवडलं ते हे, की नव्या आकड्याशेजारी त्यांनी ६२ लिहिलं. जुन्या ४३ पेक्षा जास्त! पाच वर्षं खपून आपली खात्री कमी झाली असं जाहीर लिहायला छाती लागते. तू या सगळ्यातून ‘विसंगती गेली’ एवढंच वाचलंस. ± च्या पुढचं आधी वाचलं असतंस, तर २०२१ मध्ये नाचली नसतीस आणि आता रडली नसतीस.

ही सवय फक्त म्यूऑनसाठी लावायची नसते. २०२४ च्या शेवटी तूच मला काळ्या प्लास्टिकच्या उलथन्यांचा मेसेज पाठवला होतास, ‘मॅडम, आजच फेकून द्या.’ ‘केमोस्फिअर’मधला पेपर होता. त्यात आग रोखणाऱ्या एका रसायनाची सुरक्षित मर्यादा काढताना किलोमागे ७,००० नॅनोग्रॅम गुणिले ६० किलो वजन याचं उत्तर ४२,००० लिहिलं होतं. खरं उत्तर ४,२०,०००. एक शून्य पडलं आणि मर्यादेला टेकलेलं प्रमाण प्रत्यक्षात तिच्या दहाव्या हिश्श्याहून कमी निघालं. लेखकांनी दुरुस्ती छापली, पण आमचा निष्कर्ष बदलत नाही असंही म्हटलं. तसली रसायनं स्वयंपाकघरात नसलेलीच बरी, याबद्दल माझंही दुमत नाही. पण तो गुणाकार चौथीतला आहे, आणि मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही तो केला नाही. तू एमएस्सी करत होतीस!

तर प्लस-मायनस मॅडम. व्हर्निअरचं रीडिंग लीस्ट काउंटशिवाय, म्हणजे उपकरणाला मोजता येणाऱ्या सर्वांत लहान मापाशिवाय, लिहिलं की मी जर्नल परत द्यायची, सही करायची नाही. तुझंही दिलं होतं. पालक यायचे, मुलांचं वर्ष वाया घालवता म्हणायचे. वरिष्ठांनी एकदा केबिनमध्ये बोलावून सांगितलं, प्रॅक्टिकलचे मार्क तर सगळीकडे पूर्णच देतात, तुमच्याच विभागाचा निकाल का घसरतो? मी म्हटलं, एरर न काढता पूर्ण मार्क हवे असतील तर तुम्ही सही करा. त्यांनी केली. त्यानंतर बॅचेसचं वेळापत्रक असं लागलं की दुपारची एस.टी. मला कधी मिळालीच नाही. हे तुला का सांगतेय? कारण लोक म्हणतात मी कडक होते, आणि मला वाटतं मी पुरेशी कडक नव्हते.

खरं सांगू, हा हट्ट नुसता शिस्तीचा नाही. एमएस्सीनंतर मला मुंबईत वैश्विक किरणांच्या प्रयोगावर काम करायची संधी आली होती. काम काउंटर तपासायचं, रात्री रीडिंग घ्यायचं. घरात म्हणाले, नळ्या पुसायला एवढं शिकलीस का? लग्नही ठरत होतं. मी गेले नाही. पुढे टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) ऊटीतल्या ग्रेप्स-३ प्रयोगाने म्यूऑन मोजून १ डिसेंबर २०१४ च्या एका वादळी ढगातला विद्युतदाब १.३ अब्ज व्होल्ट इतका काढला, ते २०१९ मध्ये पेपरात वाचलं तेव्हा दिवसभर कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. वादळाच्या वेळी म्यूऑनची संख्या अवघी दोनेक टक्के कमी झाली होती. वर्षानुवर्षं कुणीतरी त्या नळ्यांचं रीडिंग नीट ठेवलं होतं, म्हणून ते दोन टक्के दिसले. म्हणून तू कॅलिब्रेशनला कारकुनी म्हणालीस तेव्हा माझं डोकं फिरलं.

त्या कारकुनीकडे जरा नीट बघ. फर्मीलॅबचं रिंगणाच्या आकाराचं चुंबक मुळात ब्रुकहेवनचं. त्याची जवळपास १५ मीटर व्यासाची वेटोळी २०१३ मध्ये न कापता, न वाकवता, तराफ्यावर घालून फ्लोरिडाला वळसा देत आणि मिसिसिपीतून वर चढवत नेली. क्षेत्र १.४५ टेस्ला. ते सगळीकडे सारखं राहावं म्हणून लोखंडाचे हजारो पातळ तुकडे माणसांनी हाताने लावले. भोवती ३७८ प्रोब कायमचे, आणि आतल्या पोकळीतून फिरणाऱ्या ट्रॉलीवर आणखी १७. हे प्रोब प्रोटॉनची वारंवारता मोजतात, आणि त्या सगळ्यांचा मेळ शेवटी पाण्याच्या एका छोट्या नमुन्याशी घातला जातो. पाण्यातल्या प्रोटॉनची वारंवारता तापमानाच्या एका अंशाला अब्जात सुमारे दहा भागांनी सरकते. अंतिम निकालाची एकूण अनिश्चितता अब्जात १२७ भाग. आता त्यात तुझ्या थर्मामीटरची जागा कुठे आहे ते तूच काढ.

आणि या मोजणाऱ्यांनी स्वतःवर भरवसा ठेवला नव्हता, तेही लक्षात घे. मोजमापाच्या घड्याळाची नेमकी वारंवारता, जिच्याशिवाय खरं उत्तर निघत नाही, ती प्रयोगाबाहेरच्या दोनच माणसांना ठाऊक होती. गटातले दोनशेच्या आसपास लोक ती न कळता पहिल्या निकालासाठी वर्षानुवर्षं राबले आणि २५ फेब्रुवारी २०२१ ला, सगळं विश्लेषण संपल्यावर, त्या वारंवारतेचं पाकीट उघडलं. उत्तर कुठे यावं असं मनात असलं की माणूस नकळत ± तिकडे ढकलतो. मीही ढकलला असता.

संशोधनाचं हे क्षेत्रच संपलं म्हणतेस. प्रयोगाचा ± १४.५ आणि सिद्धांताचा ६२, म्हणजे चौपट. ही चौपट कोण कमी करणार? सर्नमध्ये म्यूऑन-इलेक्ट्रॉन टकरींवरून ती क्वार्कची भर वेगळ्या वाटेने मोजायचा म्यूऑनई प्रयोग उभा राहतोय. जपानच्या जे-पार्कमध्ये म्यूऑन थंड करून अगदी वेगळ्या पद्धतीने जी-मायनस-टू मोजायची तयारी चाललीय. सगळीकडे कुणीतरी प्रोबसमोर बसणारच आहे.

म्हणून गाईडना उत्तर देण्याआधी भेटून दोन गोष्टी विचार. नमुन्याचं तापमान नमुन्यापाशी मोजतात की खोलीच्या भिंतीवर? आणि कॅलिब्रेशनचा एरर बजेट, म्हणजे कुठून किती चूक येते त्याचा हिशोब, लिहिलेला आहे का, असला तर दाखवाल का? कागद काढून समोर ठेवला तर त्यांच्याकडेच काम घे. ‘त्याची काळजी तू करू नकोस’ म्हणाले, तर डेटा सायन्सची नोकरी खुशाल घे. काय ते शनिवारपर्यंत कळव, त्यानंतर मी आठवडाभर बहिणीकडे आहे आणि तिथे रेंज नसते.

तुझ्या,
मॅडम