आधी जोडी, मग खेळाडू

पोरा,

रविवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. ताट तसंच ठेवून तुझं सगळं ऐकून घेतलं. मधे दोनदा मी गप्प झालो, ते तुझं पटलं म्हणून नव्हे. राग आवरत होतो. तोंडाने बोललो असतो तर नको ते बोलून गेलो असतो, म्हणून कागद घेतला.

तुझ्या पेठेचा फुटबॉल संघ खालच्या ब गटात गेला. चांगले पाच जण दुसऱ्या पेठांनी नेले. जुनी सात पोरं उरली, नवी अकरा आली, त्यातली चार गेल्या वर्षीपर्यंत शाळेच्या स्पर्धा खेळत होती. आणि आता मंडळातले एक जण म्हणतात, पैसे मी घालतो, बाहेरून दोन नावाजलेले खेळाडू आणा, वर्षात परत वर येऊ. तू मला विचारतोस, "सर, आणू का?"

खचू नको, मेहनत कर, असलं काही मी तुला लिहिणार नाही. पहाटे साडेपाचला मैदानात येऊन एकट्याने गोलला जाळी बांधणाऱ्या पोराला ते कशाला सांगायचं? पण चुकतोयस तिथं चुकतोयस म्हणणारच. तू माणसं मोजतोयस. अठरा आहेत, दोन आले की वीस, असा तुझा हिशेब. फुटबॉलमध्ये माणसं मोजायची नसतात, जोड्या मोजायच्या असतात. आज तुझ्याकडे अठरा माणसं आहेत आणि माझ्या मोजणीने जेमतेम दोन जोड्या. ते दोघं आले की माणसं वीस होतील आणि जोडी एकही उरणार नाही.

जोडी म्हणजे काय ते तुला माहीत आहे, तू स्वतः राइट बॅक, म्हणजे उजवीकडे बचावाला, खेळलायस. पुढचा राइट विंगर कधी आत वळणार हे तुला त्याच्या खांद्यावरून कळायचं, आणि तो वळायच्या आत तू बाहेरून पळालेला असायचास. कुणी शिकवलं होतं? तीन वर्षं एकाच सायकलवर डबलसीट मैदानात येत होतात, त्याने शिकवलं. गोलकीपर आणि स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, ही एक जोडी. दोन स्टॉपर ही दुसरी. स्टॉपर आणि त्याच्या पुढचा, मधल्या फळीतला हाफ, बॅक आणि विंगर, हाफ आणि फॉरवर्ड. एकेक पोरगा दोन-तीन जोड्यांत असतो. या गाठी बसल्या की संघ होतो. नाहीतर अकरा जण एकाच रंगाची जर्सी घालून उभे असतात, एवढंच.

तू म्हणशील, सर जुन्या काळातलं बोलतायत. बरं, मग अलीकडचं सांगतो.

२०१६चा उन्हाळा आठव. मिझोरामचा ऐझॉल एफसी. आदल्या वर्षी दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आलेला संघ, आय-लीगच्या, म्हणजे तेव्हाच्या वरच्या राष्ट्रीय लीगच्या, पहिल्याच मोसमात नऊ संघांत आठवा. शेवटचा पुण्याचा डीएसके शिवाजियन्स होता, पण त्याला नव्याने घेतलेलं असल्यामुळे खाली न ढकलण्याची सूट होती. म्हणून खाली गेला तो ऐझॉल. त्याच उन्हाळ्यात फेडरेशन कपच्या फायनलला पोचले आणि मोहन बागानने त्यांना पाच गोल घातले. पाच-शून्य. पुढं गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंगने लीग सोडली, जागा रिकाम्या झाल्या, म्हणून यांना परत वर घेतलं. अशा संघाकडे मोठं नाव कोण फिरकणार?

तिथं खालिद जमील गेले. मुंबई एफसी त्यांनी सात वर्षं सांभाळला होता, आणि २०१६ साली त्या क्लबने त्यांना मोकळं केलं होतं. म्हणजे प्रशिक्षकही नाकारलेला. त्यांनी बरोबर कुणाला नेलं ते नीट वाच. जयेश राणे आणि आशुतोष मेहता. दोघंही मुंबईत त्यांच्याच हाताखाली खेळलेले. बाजारात कोण मिळतंय हे त्यांनी बघितलं नाही, आपल्याला कोण ओळखतं हे बघितलं. आणि एकटा नेला नाही, दोघं नेले. बाकी बहुतेक स्थानिक मिझो पोरं, जी लहानपणापासून एकमेकांबरोबर आणि एकमेकांविरुद्ध खेळत आलेली. अकरा लाखांच्या आसपास वस्तीचं राज्य ते, आपल्या एका कोल्हापूर जिल्ह्यात त्याच्या तिपटीहून जास्त माणसं आहेत. पण २०१४ला त्यांनी राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी जिंकली होती. मुंबई सिटी या दुसऱ्याच क्लबकडून उसना घेतलेला गोव्याचा गोलकीपर आल्बिनो गोम्स. लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान, सीरियाचा महमूद अल अमना.

इथं तू मला अडवशील. म्हणशील, बघा, बाहेरचे होतेच की! होते. मी बाहेरच्याच्या विरोधात कधी बोललो? बाहेरचा माणूस मोसमाच्या आधी येऊन सगळ्यांबरोबर राहतो, सराव करतो, जोडीत बसतो, तर तो आपलाच. तुझे हे दोघं मॅचच्या आदल्या रात्री एसटीने उतरणार, मॅच खेळून पाकीट घेणार आणि रात्रीच्या गाडीने जाणार. पाहुणे आहेत ते. पाहुण्याशी जोडी जमत नाही.

२२ एप्रिल २०१७. ऐझॉलचं राजीव गांधी स्टेडियम, समोर तोच मोहन बागान ज्याने वर्षापूर्वी पाच घातले होते. विजेतेपद या दोघांपैकीच एकाचं. ८३व्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग गोल कुणी केला? झोमिंगलियाना राल्ते. स्टॉपर. हेडरने. स्टॉपर पुढं जातो तेव्हा त्याच्या मागं मोकळं मैदान पडतं. तो निर्धास्त जातो कारण मागचं कोण राखणार ते त्याला बघावं लागत नाही. त्याचं डोकं चेंडूवर असतं, पाठीवर नसतं. त्या क्षणी मला जोडी दिसते. तुला गोल दिसतो.

आठवड्याने, ३० एप्रिलला, शिलाँगमध्ये शेवटची मॅच, तिथल्याच लाजाँग संघाविरुद्ध. एक गुण पुरेसा होता. नवव्या मिनिटालाच लाजाँगच्या दिपांदाने गोल घातला, ऐझॉल मागं. तिकडे बागानची मॅच चालू होती, आणि ती ते जिंकलेच. अशा वेळी नुसत्या नावांचा संघ काय करतो ते तू ब गटात जाताना बघितलंयस. प्रत्येक जण एकट्याने वाचवायला निघतो. हे निघाले नाहीत. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली आणि उरलेला वेळ सगळ्यांनी मिळून काढला. ऐझॉल ३७, मोहन बागान ३६. ईशान्येकडचा पहिलाच राष्ट्रीय लीग विजेता. आणि ज्या मुंबई एफसीने जमीलना सोडलं, तो त्याच मोसमात शेवटचा येऊन खाली गेला. २०२५ साली जमील भारताच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, ते तुला माहीतच आहे.

पुढचंही सांगतो, कारण तेही याच मुद्द्याचं आहे. विजेतेपदानंतर संघ पांगला. राणे आणि मेहता कोलकात्याच्या एटीके क्लबकडे, आल्बिनो दिल्लीकडे, लालरुआत्थारा केरळकडे, जमील आणि अल अमना ईस्ट बंगालला. पोरांचं चुकलं नाही, चार पैसे मिळत होते. पण ज्यांनी नेले त्यांनी एकेक माणूस नेला. त्या गाठी कुणाला नेता आल्या नाहीत, आणि मागं ऐझॉललाही उरल्या नाहीत.

आता माझं सांगतो. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्याकडे डाव्या बाजूला दोन पोरं होती. बॅक शिरोलीच्या एका फाउंड्रीत होता, रात्रपाळी करून थेट सरावाला यायचा, हातावर भाजल्याचे डाग. त्याच्या पुढचा हाफ सकाळी दुधाच्या किटल्या पोचवायचा. दोघांत फारसं बोलणं नव्हतं, पण डावी बाजू आमची बंद होती. त्या मोसमात तिकडून आम्ही किती गोल खाल्ले ते बोटांवर मोजता येतील. फायनलच्या दोन दिवस आधी मंडळाने बाहेरून एक हाफ आणला. नावाजलेला, पेपरात फोटो येणारा. मला म्हणाले, याला बसवायचं कुठं? मी म्हणालो, डावीकडे. माझ्याच तोंडातून गेलं ते. कुणी बळजबरी केली नव्हती. मलाही मोह झाला होता.

दूधवाला पोरगा बाकावर बसला. बूट घातलेले, नाड्या घट्ट बांधलेल्या. मॅच सुरू झाली आणि वीसेक मिनिटांनी माझ्या कानावर एक गोष्ट आली. मैदानात फाउंड्रीवाला पोरगा पास मागताना, कव्हर मागताना, बाकावर बसलेल्याचं नाव घेऊन ओरडत होता. नवीन खेळाडूचं नाव त्याच्या तोंडात बसलेलंच नव्हतं. सवयीने जुनं नाव यायचं, आणि नवा माणूस वळायचा नाही, कारण ते त्याचं नाव नव्हतं. बाकावरचा पोरगा मात्र प्रत्येक हाकेला मान वर करत होता. दोन्ही गोल डावीकडून खाल्ले. मी बदल केला नाही. पेपरात फोटो येणाऱ्याला बाहेर कसं काढायचं, याच विचारात मॅच संपली.

तो पोरगा परत सरावाला आला नाही. मी दोनदा घरी गेलो, आईने चहा दिला, तो बाहेर आला नाही. आज पन्नाशीला आला असेल. गंगावेशीत कधी दिसतो, मान हलवतो, जातो. त्याची माफी मागायचं माझ्याकडून राहिलं. आता मागितली तर त्याला ओशाळवाणं होईल, असं म्हणून मी टाळतो. खरं तर मलाच होईल.

म्हणून सांगतो, आधी जोडी, मग खेळाडू. हजार वेळा सांगेन.

तुझ्याकडची नवी अकरा पोरं कोण, कुठली, हे तू मला फोनवर सांगितलंस ते फक्त उंची, वेग आणि डावखुरा की उजवा, एवढंच. सरावानंतर कोण कुणाबरोबर घरी जातं? चुकलं की कोण कुणाकडे बघतं? कोण कुणावर चिडलं तर दुसऱ्या दिवशी विसरतं? हे पहिल्या आठवड्यात बघायचं असतं. तू स्टॉपवॉच घेऊन उभा होतास.

जोड्या ठरव आणि महिनाभर मोडू नको. सरावात दोन विरुद्ध दोन खेळव, तीन विरुद्ध दोन खेळव, पण जोडी तीच. चेंडूवर कोण जाणार, मागं कोण थांबणार, हे ओरडून सांगायचे शब्द ठरव. तीन शब्द पुरेत, पण सगळ्यांचे एकच. गोलकीपर "माझा" म्हणाला की स्टॉपरने डोकं काढून घ्यायचं, मग गोल झाला तरी चालेल. गोल गोलकीपरच्या नावावर, शंका नको. पहिल्या चार मॅच तू हरशील बहुतेक. तेव्हा पेठेतली माणसं तुला झोपू देणार नाहीत. जोडी बदलू नको. एक जखमी झाला तर त्याच्या जागी येणाऱ्याने जोडीदाराबरोबर आधीच सराव केलेला असला पाहिजे. म्हणजे राखीव पोरगाही कुणाचा तरी जोडीदार आहे, हे त्याला पहिल्या दिवसापासून कळू दे. बाकावर बसणाऱ्याला आपण कुणाची जागा अडवून बसलोय असं वाटलं की तो गेला.

माझ्याबद्दल तुझ्या कानावर आलं असेलच. सर हट्टी, सरांनी मंडळाचं ऐकलं नाही, म्हणून सर गेले. आलं असेल तर खरं आहे. त्या फायनलनंतर काही वर्षांनी दुसऱ्या एका मंडळात असाच प्रसंग आला. मी नाही म्हणालो. तेच अकरा खेळवले. आम्ही पाचवे आलो आणि मोसम संपल्यावर मला नारळ दिला. लोक पाचवा नंबर लक्षात ठेवतात. शेवटच्या सहा मॅच आम्ही हरलो नव्हतो, हे कुणी सांगत नाही. आणखी एक मोसम मिळाला असता तर ती पोरं वर आली असती, असं मी आजही म्हणतो. घरचे म्हणतात, आता सोडा. नाही सोडत. त्या वेळी मी बरोबर होतो आणि त्याची किंमत मी दिली. चुकलो होतो तेव्हा मात्र किंमत त्या दूधवाल्या पोराने दिली.

त्या देणगीदारांना नाही म्हणू नको, त्यांचंही मन आहे, संघावर प्रेम आहे. त्यांना सांग, दोन खेळाडूंच्या पैशात अठरा पोरांचे बूट येतील आणि मोसमभर सरावानंतर दूध-केळी होतील. आणि एकत्र बसून खायचं, डबा घरी न्यायचा नाही. ते ऐकले नाहीत, बाहेरचेच आणायचे म्हणाले, तर अट घाल की पोरगा मोसमाच्या दोन महिने आधी येईल आणि इथंच राहील. ही अट मान्य नसेल तर मला फोन कर, मी त्यांच्याशी बोलतो. माझी नोकरी आता कुणी काढून घेऊ शकत नाही.

मंगळवारी मी गांधी मैदानावर येतो. पाऊस पडला आणि पाणी साचलं असलं तरी येतो. मी येण्याआधी अठराच्या अठरा पोरांची यादी करून ठेव. एकाखाली एक नावं लिहिलीस तर ती मी वाचणार नाही. दोन-दोन करून लिही.

तुझा,
सर