काकू, मी शेवटची आले तर?

मागच्या अंकात "पळणाऱ्यांनी पत्रं पाठवा" असं लिहिलं आणि पोतंभर पत्रं आली असं सांगायला आवडलं असतं. आली अकरा. त्यातली दोन माझ्या नणंदेचीच, वेगवेगळ्या अक्षरांत. उरलेल्यांतली पाच घेते. मी डॉक्टर नाही, कोच नाही. इंदूरच्या रामबागेत राहते, बँकेत कॅशियर होते, एकोणपन्नासाव्या वर्षी पळायला लागले, आता एकसष्टावं चालू आहे. त्या बेतानं वाचावं.

प्रश्न : काकू, सा. न. मी शाळेत शिकवते, वय ४७. रस्त्यावरच्या दहा किलोमीटरच्या दोन शर्यती पळाले, दुसरी एक तास दहा मिनिटांत. आता मैत्रिणींनी चोरलकडच्या जंगलातल्या ट्रेल रनमध्ये माझंही नाव घातलंय, १५ किलोमीटर. कट-ऑफ, म्हणजे पोहोचायची मुदत, चार तासांची आहे. एवढ्या वेळात तर माणूस चालतसुद्धा पोहोचेल ना? आणि खरं सांगायचं तर भीती वेगळीच आहे. मी शेवटची आले तर? (लोकनायक नगर)

उत्तर : चार तास पुष्कळ वाटतात, मलाही वाटले होते. शर्यतीच्या माहितीपत्रकात किलोमीटरच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, एकूण चढाचा. तो आधी बघा. ट्रेलवाल्यांचा साधा हिशेब असा, की दर १०० मीटर चढाला सपाटीवरचा एक किलोमीटर धरायचा. १५ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर पायांच्या लेखी ते २१ झाले. म्हणजे तुमच्या मैत्रिणींनी तुम्हाला न सांगता हाफ मॅरेथॉनला घातलंय. उतार फुकटात मिळतो असंही समजू नका. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि त्याचं बिल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. माझी पहिली ट्रेल रविवारी झाली. मंगळवारी मी आमच्या वाड्याचा जिना पाठमोरी उतरत होते, दोन्ही हातांनी कठडा धरून, आणि खालचे बिऱ्हाडकरू चहाचा कप हातात घेऊन बघत होते.

मग जमीन. सिमरोल मागे पडलं की माळव्याचं पठार संपत येतं आणि विंध्याची उतरण लागते. हिवाळ्यात तिथल्या सागाची पानं गळलेली असतात. एकेक पान पत्रावळीएवढं, वाळलेलं, आणि त्याखाली दगड आहे की खड्डा ते पाय पडल्यावरच कळतं. पान दिसलं की पाऊल आखूड करायचं. मुरमाच्या उतारावर टाच रोवून थांबायला जाऊ नका, सरळ बसकण होते. गुडघे किंचित वाकवून भरभर छोटी पावलं टाकायची. पाऊस पडून गेला असेल तर काळी माती बुटांना अशी चिकटते की वीस पावलांत दोन्ही पायांना दळायचं जातं बांधल्यासारखं होतं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. काटकीनं खरवडायची आणि पुढे जायचं.

माझ्या पहिल्या ट्रेलला एवढं सगळं समजून घेतलं होतं, तरी मी चुकले. मार्गावर केशरी फिती बांधल्या होत्या, झाडांना. नाला ओलांडला, दोन वाटा फुटल्या, फीत कुठेच नाही. मी रुंद वाट धरली. रुंद वाट गुरांची होती. बरंच गेल्यावर चार घरांची वस्ती आली, आणि तिथे एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा सायकल घेऊन उभा. सायकलच्या हँडलला, सीटला, मडगार्डला केशरी फितीच फिती. दारातल्या शेळीच्या गळ्यातसुद्धा एक. मी म्हटलं, "बेटा, ये कहाँ से लाया?" तो म्हणाला, "झाड़ पे लगी थी, मेरी है." ह्यावर काय बोलणार? मग तोच अनवाणी पुढे पळत मला नाल्यापर्यंत आणून सोडून गेला. त्याचा दम लागलेला मला ऐकूही आला नाही, आणि माझा बहुधा चोरल स्टेशनपर्यंत ऐकू गेला असेल. जाऊन-येऊन अडीच किलोमीटर फुकट गेले आणि ३ तास ५२ मिनिटांना मी पोहोचले. चार तासांतली आठ मिनिटं उरली होती.

तेव्हापासूनचा माझा नियम असा, की चारशे पावलं चालून फीत दिसली नाही तर मागे फिरायचं, वाट कितीही ओळखीची वाटो. आणि प्रत्येक फाट्यावर एकदा वळून मागे बघून ठेवायचं, कारण परतताना तीच जागा अगदी निराळी दिसते.

आता शेवटची येण्याचं. लाजेच्या बाबतीत मी जुनी विद्यार्थिनी आहे. आमच्या गॅदरिंगला मुलींना लिंबू-चमचा असायचा. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली, तेव्हा मी कॉलेजात होते. त्याच्या आधीच्या ऑलिंपिकपर्यंत बायकांची सगळ्यांत लांब शर्यत १५०० मीटरची होती. मी पळायला लागले त्या वर्षी पलासियाजवळ पहाटे एका रिक्षावाल्यानं कळकळीनं रिक्षा हळू करून विचारलं होतं, "क्यों अम्मा, बस छूट गई क्या?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

आणि तीन वर्षांनी एका ट्रेलला मी खरोखरच शेवटची आले. ट्रेलमध्ये सगळ्यांच्या मागे स्वीपर असतात, फिती सोडवून गोळा करत येणारे. माझ्या मागे दोन कॉलेजची मुलं होती, चार किलोमीटर माझ्या वेगानं चालत राहिली, आणि मला संकोच वाटू नये म्हणून मधूनमधून बुटाची नाडी बांधायला थांबत होती. एका माणसाची नाडी किती वेळा सुटेल! पोहोचले तेव्हा मांडव सोडायला घेतला होता. पोहे संपले होते. शेव आणि जीरावण (पोह्यांवरचा मसाला) उरलं होतं, ते खाल्लं. लाज वाटते का? वाटते, खोटं कशाला सांगू? साधारण बुधवारपर्यंत टिकते. तुम्ही दहा किलोमीटर सत्तर मिनिटांत पळता, म्हणजे शेवटची यायला तुम्हाला बरीच मेहनत करावी लागेल. जा. पाण्याची बाटली स्वतःची न्या, ट्रेलवर दर दोन किलोमीटरला टेबल लावलेलं नसतं.

प्रश्न : हाफ मॅरेथॉनमध्ये माझ्या घड्याळानं २१.४२ किलोमीटर दाखवले. आयोजकांना कळवलं तर उत्तर आलं, "मार्ग बरोबर आहे." ३२० मीटर जादा पळवून वर ही भाषा! (सुदामा नगर)

उत्तर : मार्ग रीतसर मोजलेला असेल तर त्यांचं बरोबर आहे आणि तुमचं घड्याळही फारसं खोटं बोलत नाहीये. मोजणी सायकलनं करतात. पुढच्या चाकाला फेरे मोजणारं यंत्र लावतात, पोलादी टेपनं मोजलेल्या पट्ट्यावर ती सायकल आधी पारखून घेतात, आणि मग सगळ्या मार्गावर सगळ्यांत जवळची वाट धरून जातात, वळणावर कडेपासून हातभर अंतरावरून. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. म्हणजे २१ मीटर तर तिथेच गेले. उरलेले तुम्ही स्वतः पळालात. वळण बाहेरून घेतलं, पाण्याच्या टेबलाकडे गेलात, फोटोवाला दिसला म्हणून रस्ता ओलांडलात. (दिसला होता ना?) त्यात उंच इमारतींमध्ये आणि पुलाखाली घड्याळाची गफलत होते ती वेगळी.

एवढ्यावरही राग गेला नाही तर फडेप्पा दरेप्पा चौगुल्यांना आठवा. बेळगावकडचे. १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकला मॅरेथॉन पळाले आणि १९ वे आले. मॅरेथॉनचा ४२.१९५ किलोमीटर हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला, पण नियम म्हणून तो पक्का झाला १९२१ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी अँटवर्पला मार्ग होता ४२.७५० किलोमीटरचा. चौगुले ५५५ मीटर जादा पळाले, आणि घड्याळ दाखवून भांडायची सोयही त्यांना नव्हती.

प्रश्न : निकालात माझ्या नावापुढे दोन वेळा आहेत, ५८:४० आणि ५६:१२. लोकांना कोणती सांगू? (विजय नगर)

उत्तर : पहिली पिस्तूल वाजल्यापासूनची, दुसरी तुम्ही सुरुवातीच्या चटईवर पाय ठेवल्यापासूनची, म्हणजे चिपची. गर्दीत मागे उभे होतात, तिथे अडीच मिनिटं गेली. बक्षिसं साधारणपणे पहिल्या वेळेवर देतात, पण तो आपला विषय नाही. ५६:१२ सांगा. बिबमागची, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदामागची, चिपची पट्टी मात्र दुमडू नका. मी एकदा बिब नीटनेटका दिसावा म्हणून छान घडी घालून टाचला होता आणि निकालात माझं नावच नव्हतं. चूक सर्वस्वी माझी, तरी तक्रार केलीच.

प्रश्न : आमचे "हे" हाफ मॅरेथॉनला पावणेतीन तास घेतात आणि प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पाणी पितात, कारण कुणीतरी सांगितलं की तहान लागेपर्यंत थांबू नये. गेल्या वेळी संपल्यावर डोकं दुखत होतं, उलटी झाली, बोटातली अंगठी निघेना. मी आणखी पाणी पाजलं. बरोबर केलं का? (राजेंद्र नगर)

उत्तर : नाही, ताई. पण तुमच्या जागी मीही तेच केलं असतं, कारण आपल्याला पाणी कमी पडण्याचीच भीती शिकवलेली आहे. पाणी जास्तही होतं. रक्तातलं सोडियम त्यानं पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर ४८८ जणांचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. धोका जास्त कुणाला, तर जे हळू पळत होते आणि पळताना ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं होतं त्यांना. जोरात पळणाऱ्याला प्यायला वेळच नसतो. आपल्यासारखे टेबलाटेबलावर मुक्काम करणारे ह्यात सापडतात. यजमानांना सांगा, तहान लागली की प्यायचं, तहानेइतकं. इथल्या थंडीतल्या सकाळी तर तहान फार लागतही नाही. आणि पुन्हा असं झालं, अंगठी घट्ट, उलटी, बोलणं अडखळतंय, तर पाणी न देता थेट वैद्यकीय तंबूत न्या आणि किती पाणी प्यायलेत ते आधी सांगा. एकदा डॉक्टरांनाही हे सगळं सांगून ठेवा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नक्कीच.

प्रश्न : काकू, माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. आठ वर्षं पळतात, एकही शर्यत सोडली नाही. ह्या वेळी हाफमध्ये १७ व्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला आणि त्यांनी शर्यत सोडणाऱ्यांच्या गाडीत बसून घेतलं. तेव्हापासून पंधरा दिवस पळायला गेले नाहीत, विषयही काढू देत नाहीत. पोटरी आता बरी आहे, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. त्यांना कसं समजावू? (नारायण बाग)

उत्तर : समजावू नकोस.

त्या गाडीत मी बसलेली आहे. मला १३ व्या किलोमीटरला उचललं होतं, पोट बिघडलं होतं. आत आधीच तिघं होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दवाखान्याबाहेर बसतात तसे सगळे खिडकीबाहेर बघत होते, आणि बाहेर नेमके पळणारेच दिसत होते. मग एका सरदारजींनी खिशातून सेव-परमलची (शेव-कुरमुऱ्यांची) पुडी काढली. माझं पोट बिघडलेलं, तरी मी मूठभर घेतली. स्टेडियमवर उतरलो तर दारात उभ्या मुलीनं आम्हा चौघांच्याही गळ्यात मेडल घातलं. तिला काय माहीत! सरदारजींनी परत केलं. मी केलं नाही. ते मेडल आमच्या शिलाईमशीनच्या खणात आहे, बाकीची भिंतीवर आहेत. घरी कुणी विचारलं नाही ह्याचे मी आजही आभार मानते. आमच्या ह्यांनी फक्त गरम पाणी काढलंय एवढं सांगितलं.

मी तेव्हा तीन आठवडे गेले नव्हते. चौथ्या आठवड्यात दूध आणायला म्हणून निघाले आणि पाय आपोआप कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत गेले. पिशवी हातात घेऊनच पळत होते. ते काही ठरवून झालं नव्हतं.

तेव्हा तू शर्यतीचं नाव काढू नकोस, पुढच्या वर्षीचा फॉर्म आणू नकोस आणि "बाबा, १७ किलोमीटर पण काही कमी नाही" हे तर मुळीच म्हणू नकोस. त्यांचे बूट कुठे आहेत बघ. शर्यतीनंतर तसेच कोपऱ्यात पडले असतील तर धुऊन ठेव. नाड्या आणि आतले तळवे काढून धुवायचे, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि सावलीत वाळवायचे. उन्हात नको, तळाचा डिंक सुटतो.