पहिला सेट घेताना काटकसर प्रेसमध्ये करा, तराजूत नको

महिन्याला शंभर-दीडशे ९ मिमीची काडतुसं घरी भरायची आहेत, हात आखडता आहे आणि एक जुनी प्रोग्रेसिव्ह प्रेस (काडतुसं भरायचं हाताचं यंत्र) स्वस्तात मिळतेय, ती घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर आत्ता घेऊ नका.

प्रोग्रेसिव्ह प्रेसचं हँडल एकदा ओढलं की चार-पाच पुंगळ्यांवर (काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्यांवर) एकाच वेळी वेगवेगळी कामं होतात. नवख्या माणसाची नजर तितक्या ठिकाणी पुरत नाही. साधी सिंगल स्टेज प्रेस घ्या. तिच्यावर एका वेळी एकच काम होतं: आधी पन्नासच्या पन्नास पुंगळ्या साइज करायच्या, म्हणजे दाबून पुन्हा मूळ मापाला आणायच्या, मग पुढचं काम. पावडर भरली की सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या ठेवा आणि गोळी बसवण्याआधी बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावून बघा. ९ मिमीला चालणाऱ्या बऱ्याच पावडरींचा एक माप पुंगळीचा निम्मा भागही भरत नाही. म्हणजे चुकून दोनदा भरलं तरी पावडर बाहेर सांडत नाही, आणि अशा काडतुसानं पिस्तूल फुटू शकतं.

उलटी चूक, म्हणजे पावडर भरायचीच राहणं, माझ्याकडून झाली आहे. सुरुवातीला मी ठोकळा वापरत नव्हतो. मध्येच कोणीतरी हाक मारली, उठलो, परत येऊन थेट गोळी बसवली. रेंजवर फुसका बार झाला, नेहमीपेक्षा अगदी दबका आवाज. शेजारच्या नेमबाजानं माझा हात धरला म्हणून पुढचा बार काढला नाही. गोळी नळीतच अडकली होती. त्या दिवसापासून ठोकळ्याशिवाय मी एकही काडतूस भरलेलं नाही.

आता पैसे कुठे घालायचे ते सांगतो. सगळ्यात आधी तराजू. पावडर ग्रेनमध्ये मोजतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा म्हणजे पंधरा ग्रेनची पायरी, इथे त्याचा काही उपयोग नाही. ०.१ ग्रेन दाखवणारा दांडीचा तराजू घ्या. स्वस्त डिजिटल काटे बॅटरी उतरली की किंवा खोली तापली की भरकटतात. कुठलाही घेतलात तरी सोबत तपासणीची वजनं घ्या आणि दर वेळी बसण्याआधी ताडून बघा.

दुसरं कॅलिपर, म्हणजे लांबी अचूक मोजायचं साधन. ९ मिमीची पुंगळी छोटी असते, गोळी थोडी जास्त आत गेली तरी दाब झपाट्यानं वाढतो, त्यामुळे काडतुसाची एकूण लांबी अंदाजानं ठरवू नका. तिसरं म्हणजे चालू आवृत्तीचं छापील मॅन्युअल. त्यातल्या सुरुवातीच्या, म्हणजे सर्वात कमी मापापासून सुरू करा. कोणी तोंडी सांगितलेलं माप, माझंही, वापरू नका.

डाय, म्हणजे प्रेसमध्ये बसवायचे साचे, कार्बाइडच्याच घ्या, पिस्तुलाच्या पुंगळ्यांना मग वंगण लावावं लागत नाही. बहुतेक प्रेसना ७/८ इंच व्यासाच्या, इंचाला १४ आटे असलेल्याच डाय बसतात, त्यामुळे उद्या प्रेस बदललीत तरी डाय वाया जात नाहीत. टंबलर (पुंगळ्या घासून साफ करणारं यंत्र) सध्या राहू द्या, गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून पुंगळ्या धुवा आणि पूर्ण वाळवा. गोळी उपसायचा हातोडा मात्र घ्याच. तो नसला की शंका असलेलं काडतूस 'बघू उडवून' म्हणून चेंबरमध्ये जातं.

प्रेस जुनी घ्यायला हरकत नाही. ओतीव लोखंडाची प्रेस सहसा झिजत नाही, फक्त रॅम (हँडलनं वर-खाली होणारा दांडा) हलवून बघा, खडखडत असेल तर सोडा. पण उघडलेला पावडरचा डबा किंवा दुसऱ्यानं भरलेली काडतुसं फुकट मिळाली तरी आणू नका.

खरेदीआधी तुमच्याकडे काडतुसं भरायला परवाना लागतो का आणि प्रायमर (पुंगळीच्या तळाची, पावडर पेटवणारी टोपी) आणि पावडर घरात किती ठेवता येते, हे लेखी नियमांत तपासा. बऱ्याच देशांत परवान्याशिवाय हा थेट गुन्हा आहे. पुंगळ्यांचे फोटो टाकलेत तर त्या बर्डन प्रायमरच्या आहेत की बॉक्सरच्या (प्रायमरचे हे दोन प्रकार), ते बघून सांगेन. बर्डनच्या पुंगळीत तळाला दोन बारीक भोकं दिसतात, साध्या डायनं तिचं प्रायमर काढायला गेलात तर पिन मोडेल.